सकाळी मी घरी नसेन

जरीपटका, नागपूर
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. श्वेता,

जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं धडधाकट आहोत. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडून आपोआप ‘सगळं मजेत’ निघतं आणि मग पुढचं सगळं त्याच सुरात बोलावं लागतं. आणि मोबाईलवर एवढं टाइप करत बसले तर तुझं बाळ शाळेत जायचं. म्हणून सरळ कागद घेतला. मास्तरणीच्या हाताला पेनच बरा.

पाय सुजतात म्हणालीस, तर झोपताना पायांखाली उशी घेत जा. इथली थंडी गेली. पप्पांनी कूलर आत्तापासूनच अंगणात उतरवून ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्या गवताच्या ताट्या कुठे चांगल्या मिळतात ते विचारत असतात. मागच्या गल्लीतली नाली अजून खोदलेलीच आहे. खाप्याहून सरितामावशीने हिरवा हरभरा पाठवला, तो सोलता सोलता दोन दिवस गेले. हल्ली मला कुठलंही काम लवकर उरकत नाही.

तुझा मेसेज मिळाला. ‘आई, बाळंतपणाला मी यायला नको आहे का? ऋषिकेशवरून अजून राग असेल तर सरळ सांग.’ चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझीच चूक नको व्हायला वाचण्यात, म्हणून.

तुझं तरी काय चुकलं? पहिलं बाळंतपण माहेरी, हे शेजारपाजारच्यांनाही ठाऊक असतं, आणि इथे तुझी आईच तुला कारणं सांगत बसली. ऊन फार असतं, नाली खोदलीय, पुण्यातली डॉक्टरीण चांगली आहे. तिन्ही कारणं खरी आहेत. पण मे महिन्यात नागपुरात बायका बाळंत होत नाहीत की काय? तू स्वतः मे महिन्यातली. तुला हे आठवणारच होतं.

ऋषिकेशवर राग नाही. लग्नाच्या वेळी मी तोंड फुगवून बसले होते, ते तेव्हाच उतरलं. आता तर तो फोनवर तुझ्यापेक्षा जास्त वेळ माझ्याशी बोलतो. त्याला यातलं काहीही लावू नकोस.

दुसरी एक बातमी म्हणजे मी रोज सकाळी फिरायला जाते. हसलीस ना? भाजीच्या गाडीपर्यंत जायला पप्पांना पिटाळणारी आई फिरायला जाते. आपल्या वस्तीच्या पलीकडे, नारा गावाच्या बाजूला, ते जुनं ले-आऊट आहे बघ, तिथे तू स्कूटी शिकताना पडली होतीस. कसलीशी केस चाललीय, त्यामुळे अजून एकही घर उभं राहिलेलं नाही. नंबर रंगवलेले प्लॉटचे दगड गवतात बुडून गेलेत. बोरी माजल्यात, कडेच्या नाल्यावर बाभळी आहेत आणि सध्या पळस असा फुललाय की नजर दुसरीकडे जात नाही. बाग वगैरे काही नाही. गवत वाळलंय, त्याची कुसळं सलवारला चिकटतात, घरी येऊन ती वेचत बसावं लागतं.

पप्पा पहिल्या आठवड्यात म्हणाले, “काहून वं, रोज रोज तिकडं काय हाये? साप रायते तिथं.” मी म्हटलं, असू देत, त्यांचंही ले-आऊट आहे.

आता ते का सुरू केलं ते लिहिते. इथवर आले आणि उठून चहा करून आले.

दिवाळीच्या आधी मी बाजारात गेले होते. तुझी बातमी नुकतीच कळली होती आणि दुपट्यांसाठी मऊ सुती कापड बघत होते. दुकानदार ताग्यावर तागा उलगडत होता. अचानक छाती आवळली, हातपाय गार पडले, दुकान दूर जातंय असं वाटलं. मी मरतेय याबद्दल मला जराही शंका नव्हती. त्यांनी पाणी दिलं, पप्पांना बोलावलं, दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. पप्पांचा जीव भांड्यात पडला आणि माझा आणखी वर आला. नॉर्मल आहे तर मग हे होतंय काय?

डॉक्टर अँग्झायटी म्हणाले. पप्पा टेन्शन म्हणतात. मी घबराट म्हणते. त्यानंतर ती घरीच राहायला आल्यासारखी झाली. दुधाचं पातेलं उतरवताना येते, आंघोळीला दार लावलं की येते. वर्गभर पोरं सांभाळून निवृत्त झालेली बाई मी, कशाला घाबरते म्हणून मला विचारू नकोस. मलाही सापडलेलं नाही. तुला कळवू नये असं पप्पांचं मत पडलं. “पोरीचे दिवस नाजूक हाये, तिले काहून सांगतं?” मलाही ते सोयीचं होतं.

गोळ्या घेते. त्यांनी झोप लागते. विहारातल्या बायकांनी डोळे मिटून श्वासाकडे बघायला बसवलं. बाकीच्या शांत होतात, मी श्वासाकडे बघायला लागले की तो आता थांबतो की काय असं वाटतं. मी अर्ध्यातून उठून आले, त्याची लाज वाटली. मग डॉक्टर म्हणाले, चालून बघा, उघड्यावर. ते मात्र लागू पडलं. चालताना आत बघावं लागत नाही. बोरं पिकलीत का ते बघायचं, टिटवी ओरडत अंगावर येते तिच्यापासून लांबून जायचं, कुसळं चुकवायची. एवढ्यात नाला येतो आणि लक्षात येतं की बराच वेळ छातीकडे लक्षच गेलेलं नाही. घरी आल्यावर दुपारपर्यंत ते पुरतं. संध्याकाळी पुन्हा तेच. फार थकवा येतो गं, आपलंच आपल्याला सांभाळण्याचा.

तुला नको म्हणण्याचं खरं कारण अजून लिहिलेलं नाही. माझे हात कापतात. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरते. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं असतं. तेल लावलेलं, साबण लावलेलं एवढंसं बाळ, आणि त्याच वेळी मला ते आलं तर? रोज तेच डोळ्यांपुढे येतं. तुझं बाळ माझ्या हातून निसटतं. म्हणून ऊन, म्हणून नाली, म्हणून पुण्याची डॉक्टरीण.

मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ले-आऊटमध्येच ते आलं. तिथेही येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. एका प्लॉटच्या दगडावर बसले आणि घामाने भिजले. पळसाच्या मागून पप्पा आले.

“तुम्ही इकडे कसे?” मी विचारलं.

“मी? मी तं प्लॉट पाहून राहिलो.”

“घ्यायचाय का आपल्याला?”

“पाह्याले कोणाची मनाई हाये का?”

त्यांच्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत कुसळं होती. काही ताजी, काही धुऊनही न निघालेली. म्हणजे हा गृहस्थ पहिल्यापासून रोज माझ्या मागून येत होता, आणि माझ्याआधी घरी पोचून पेपर उघडून बसत होता. रागवायचं त्राण नव्हतं. तुझा मेसेज दाखवला. त्यांनी मोबाईल लांब धरून वाचला.

“सांगून दे तिले.”

“तुम्हीच म्हणाला होतात, सांगू नको.”

“तवा म्हणलो होतो. आता पोरगी भलतंच समजून राहिली ना.”

मग मी त्यांच्यापुढे हात धरले. ते थरथरत होतेच. न्हाऊ कसं घालू, म्हटलं.

“आंघोळ मी घालतो.”

“तुमचे गुडघे वळत नाहीत.”

“पाय लांबच करायचे हाये ना? वळवायचे कुठं हाये?”

श्वेता, मी हसले. दगडावर बसून, ओढणीने तोंड पुसत हसले. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, “तू फक्त पाणी टाक. हात हालला तं हालला. पाणीच तं हाये.”

त्यानंतर छाती मोकळी झाली असं लिहायला आवडलं असतं. तशी झाली नाही. थोडी उतरली, मग आम्ही दोघं हळूहळू घरी आलो.

तर तू ये. आधी ठणठणीत व्हावं आणि मग तुला बोलवावं, असं ठरवलं होतं. मेपर्यंत ते जमेल असं दिसत नाही. माझी आई माझ्या बाळंतपणात उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. रात्री-बेरात्री उठून मला शेक द्यायची, बाळ घ्यायची. मला तसं जमायचं नाही. उजाडलं की ऊन तापेपर्यंत मी ले-आऊटमध्ये असेन. तेवढ्या वेळात बाळ रडलं, तुला शेक हवा असला, तू मला हाका मारल्यास, तरी मी घरी नसेन. पप्पा असतील. तो वेळ मी सोडला तर उरलेल्या दिवसात तुला माझा काही उपयोग नाही. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मागते.

हे वाचून पुण्यातच राहावंसं वाटलं तर राहा. मला वाईट वाटेल, ते नाही म्हणणार नाही. पण आईला मी नकोशी होते असं मात्र मनात धरून राहू नकोस. ते मला सहन होणार नाही.

इथे ‘सावकाश विचार करून कळव’ असं लिहिणार होते. तसं नको. वाचशील तेव्हाच कळव. वाट बघायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

तुझी,
आई