मांडवाबाहेरचे प्रकरण

मी, ललिता कचरू मेश्राम, वय चौसष्ट, निवृत्त मराठी प्राध्यापिका, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असणाऱ्यांसाठी डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असता तरी उपयोग झाला नसता.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी भाची दीपाली हिला मिळावी. तिने लग्न करावे अशी अट घाल, असे माझ्या भावाने सुचवले होते. अट घातलेली नाही.

२. आता माझी खरी मिळकत. जुन्या मराठी कादंबऱ्यांत ‘चांदवा’, ‘मांडव’, ‘छत्र’ हे शब्द कसे येतात, यावर मी प्रबंध लिहिला. प्रत्येक वाक्याचे एक कार्ड केले. त्यावर वाक्य, पान आणि छताखाली कोण, एवढेच. राजा, नवरी, देव. सगळी वाक्ये खाली बसून वर पाहत लिहिलेली, कारण चांदवा म्हणजे डोक्यावर ताणलेले कापड, त्याची नक्षी खालूनच दिसते.

मी तो बाहेरून पाहिला आहे. आमच्या गावी पाटलांच्या लग्नात आमची पंगत मांडवाबाहेर, उन्हात, सगळ्यांच्या नंतर बसे. बाहेरून चांदवा म्हणजे ठिगळे लावलेले मांजरपाट.

म्हणून आणखी कार्डे केली आणि त्यांवरून शेवटचे प्रकरण लिहिले. त्यात त्याच कादंबऱ्यांतले, त्याच प्रसंगांतले दिवटीवाले, भोई, उष्टी उचलणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या वाक्यांत ‘चांदवा’ हा शब्द नाही. तो त्यांच्या डोक्यावरच नव्हता.

माझे मार्गदर्शक रंगनाथ सर म्हणाले, “बाई, शब्दच नाही तर उदाहरण कसले? मांडवात बसतात त्यांची कादंबरी होते. बाहेरच्यांची जनगणना.”

मी म्हटले, “सर, जनगणनेला निदान ते दिसतात.”

प्रकरण काढा, पदवी घ्या, असे ठरले. मी प्रकरण ठेवले.

३. माझा भाचा प्रज्ञेश सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी त्याने हौसेने स्वतःचा कॉम्प्युटर माझ्याकडे आणून ठेवला आणि माझी कार्डे त्यावर चढवली.

“आत्या, सगळं सर्चेबल झालं! जंक काढून टाकलं.”

“जंक कुठलं रे?”

“अगं, त्या कार्डांवर तो वर्डच नव्हता.”

सर जुन्या वळणाचे होते, हा माझा समज त्या दिवशी गेला. मूळ कार्डे माझ्या कपाटात आहेत. प्रज्ञेशला त्याचा कॉम्प्युटर परत द्यावा. त्याच्यावर माझा राग नाही. त्याने वगळलेली कार्डे त्याने स्वतः टाइप करावीत, म्हणजे वाचून होतील.

४. सरांच्या शिष्यांची एक संस्था आता प्रबंध छापायला तयार आहे. शेवटचे प्रकरण सोडून. त्यांनी परवा विचारले, “आपण एवढा हट्ट का धरता?” उत्तर इथे देते. छापायचा तर पूर्ण छापावा. एक ओळही गाळली तर परवानगी रद्द समजावी आणि सगळे बाड लोणी काळभोरला, मी शिकवत होते त्या कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावे. त्यांनीही निवड करायची म्हटली तर रद्दीवाल्याला द्यावे. तो पाने गाळत नाही.

५. या सर्वाची अंमलबजावणी दीपालीने करावी. ती भांडते, म्हणून तिला नेमले आहे.

६. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा. शोकसभा नको. संस्थेने घेतलीच तर उघड्यावर, भर दुपारी घ्यावी. मांडव घालू नये. व्यासपीठावरही कापड नको. दीपालीने तिथे शेवटचे प्रकरण पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत वाचावे. ऊन सोसत नसेल त्यांनी उठून जावे. आम्ही मात्र जेवण होईपर्यंत बसत असू.

सही: ललिता कचरू मेश्राम
पुणे, २ मे २००३

त्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली:
१. नागोराव तायडे, निवृत्त ग्रंथपाल
२. सुशीलाबाई केतकर, शेजारी

(साक्षीदारांना शेवटचे प्रकरण वाचायला दिले होते. सुशीलाबाईंना ते पटलेले नाही. पण त्यांनी ते पूर्ण वाचले. ल. क. मे.)