सहा सेकंदांचा खेळ

३ ऑगस्ट, रविवार

जिंकलो. तीन-शून्य. सलग पाचवा सामना. गल्लीत फटाके वाजतायत आणि मला घास गिळवत नाही.

फेर्मिन घरी आला तो भिंत धरून. एकोणचाळीस वर्षांचा घोडा! एकवीस वर्षं खाणीत, वर क्लबच्या बचावफळीचा खांब, वर कप्तान. म्हणतो, "कासिल्दा, आधी सूप दे, मग शिव्या दे." सूप दिलं. शिव्याही दिल्या.

सगळं त्या नव्या प्रोफेचं, संघाच्या प्रशिक्षकाचं. आदेमार. सपाटीवरचा, सांताक्रूझचा माणूस. इथे आला तेव्हा तीन दिवस डोकं धरून पडला होता, आणि आता आम्हाला शिकवतो! "चेंडू गेला? मागे यायचं नाही! सहा सेकंदांत हिसकावून आणायचा!" सहा सेकंद, सहा सेकंद. दिवसभर तेच. चार हजार मीटरवर! आठवडाभर दगडात भोकं पाडणारी माणसं, आणि रविवारी हा त्यांना कुत्र्यांसारखं पळवतो.

आधीचा म्हातारा प्रोफे बरा होता. आपण मागे उभं राहायचं, पाहुण्यांना पळू द्यायचं. अर्ध्या तासात त्यांच्या जिभा बाहेर. मग लांबून एक फटका — इथल्या हवेत चेंडू सुटला की थांबत नाही. आमच्या माणसांना तोच खेळ शोभत होता. पण तेव्हा आम्ही निम्मे सामने हरायचो. आता जिंकतो. मग माझं कोण ऐकतंय?

शेजारची तेओ म्हणाली, "तुला फुटबॉलमधलं काय कळतं गं?"

फुटबॉल नाही कळत. धुणं कळतं. पूर्वी सदरे नुसते धुळीचे यायचे. आता येतात ते घामाने मीठ धरलेले, फळीसारखे ताठ.

५ ऑगस्ट, मंगळवार

 

टाकीवरचा बर्फ फोडून धुणं काढलं. जर्सीच्या आत घालायचे लोकरी सदरे सगळे मीच विणलेत, लांब बाह्यांचे. ओळखायला गळ्याला वेगवेगळा दोरा. फेर्मिनचा हिरवा. आमच्या पोराचा, ग्रोव्हरचा, पिवळा.

हिरव्याच्या बाहीवर रक्त. मनगटाजवळ. तोंड पुसलं की लागतं ना, तिथे.

नाकातलं असेल म्हटलं. पण नाकातलं कसं असतं ते मला माहीत आहे. हे फेसाळ, कडेला करडं. बाबांच्या रुमालावर असंच आलं होतं. त्यानंतर अकरा महिनेच जगले.

६ ऑगस्ट, बुधवार

जेवताना सदरा टेबलावर टाकला. पुराव्यासाठी एक बाही धुतलीच नव्हती.

"हे काय?"

फेर्मिनने सदऱ्याकडे पाहिलं. मग ग्रोव्हरकडे. पोरगं ताटात बटाटा कुस्करत बसलेलं, मान वर नाही.

"माझंच आहे," फेर्मिन म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

कशी सांगेन? दवाखान्यात नेलं की छातीचा फोटो, आणि फोटो काढला की खाणीतून नाव कमी. खाणीतून नाव गेलं की क्लबमधूनही जातं — खाणीचाच क्लब. ग्रोव्हरला प्रोफेने शब्द दिलाय, डिसेंबरात सांताक्रूझला नेतो, मोठ्या संघात. तोवर घर टिकायला हवं.

एक बरं आहे. ग्रोव्हर खाणीत नाही. कंपनीच्या ट्रकवर असतो. एका घरात एकच छाती पुरे!

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज मैदानाला दारू पाजली. ऑगस्टात धरणी तोंड उघडते, तिला उपाशी ठेवायचं नसतं. कोकाची पानं, साखरेच्या वड्या, लामाची चरबी, सगळं गोलपोस्टाजवळ पुरलं. प्रोफेनेही हौसेने ओतली, अर्धी स्वतःच्या पायावर.

फेर्मिन म्हणाला, "प्रोफे, धरणीला पाजायचीय, बुटांना नाही!"

सगळे हसले. हसता हसता खोकले. कोण किती खोकतं ते मी ऐकत उभी.

माझ्या वाटणीची पानं टाकताना म्हटलं — तोंड उघडलंयस ते ठीक. माझा माणूस घेऊ नकोस. दुसरं काहीही घे.

१० ऑगस्ट, रविवार

दोन-एक. सहावा. सगळे गोल मोजत होते, मी फेर्मिनचं वाकणं मोजत होते. चौदा वेळा गुडघ्यावर हात.

मध्यंतराला त्या खोलीत घुसून ओढून आणावासा वाटला. पण दारापलीकडे बाईने जायचं नाही. खाणीत बाई उतरली की चांदी आटते म्हणतात, तोच नियम या लोकांनी कपडे बदलायच्या खोलीलाही लावलाय. जसं काही तिथे चांदी पिकते! धुण्याचं गाठोडंही दारातूनच माझ्या अंगावर फेकतात.

हिरवा दोरा. पुन्हा रक्त. मागच्यापेक्षा जास्त.

दुपारी फेर्मिन झोपला तेव्हा छातीला कान लावला. शिट्टी वाजते. पण इथे ती कुणाच्या छातीत वाजत नाही?

ग्रोव्हरलाही सर्दी आहे. ट्रकची धूळ. निलगिरीचा वाफारा दिला.

११ ऑगस्ट, सोमवार

तेओचा नवरा गेला तेव्हा पाच दिवस आधीपर्यंत गिटार वाजवत होता. आजच का आठवलं?

१२ ऑगस्ट, मंगळवार

गेले प्रोफेकडे. फेर्मिन शिफ्टला गेल्यावर. प्रोफे भिंतीवर खडूने बाण काढत बसला होता.

म्हटलं, "खेळ तुमचा चांगला आहे. माणसं चुकीची निवडलीत."

"कासिल्दाबाई, सहा सामने जिंकलो!"

"पाहुण्यांना दम लागतो म्हणून जिंकलात. रविवारी येतायत ते वरच्या खाणीचे. तेही हीच हवा खातात. त्यांना कसे दमवणार? तेही उभे राहतील आणि आमचेच मरतील."

खडू खाली ठेवला त्याने. वाटलं नव्हतं, पण ऐकून घेतलं. मग मी रक्ताचं सांगितलं. सांगू नकोस म्हणाला होता, तरी सांगितलं.

प्रोफेचा चेहरा उतरला. "कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं. बसवा त्याला. हवं तर तो चिडेल, मी बघून घेईन."

"आणि पळायचं कुणी? एवढी छाती आहे कुणाची?"

"माझा ग्रोव्हर आहे ना! बावीस वर्षांचा, खाणीत पाऊल नाही ठेवलं त्याने. पळवा त्याला दोघांचं मिळून!"

प्रोफेने भिंतीवर ग्रोव्हरच्या नावापुढचा बाण लांब केला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

घरी येताना कितीतरी दिवसांनी पाय हलके होते.

१३ ऑगस्ट, बुधवार

फेर्मिन आरडाओरडा करेल वाटलं. केला नाही. समोर बसला आणि म्हणाला, "काय सांगितलंस? शब्दन् शब्द सांग."

सांगितलं. टोपी न घालताच प्रोफेकडे धावला. तासाने परत.

"मला खेळव म्हटलं. ऐकत नाही तो. म्हणतो, असल्या गोष्टीत बायका खरं बोलतात, नवरे खोटं."

मी हसले. तो नाही हसला.

१६ ऑगस्ट, शनिवार

बाप-लेक अंगणात भांडत होते. "डिसेंबरपर्यंत फक्त," ग्रोव्हर म्हणाला. मी गेले तसा फेर्मिन आत निघून गेला.

१७ ऑगस्ट, रविवार

एक-शून्य! ग्रोव्हरचा गोल, अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला!

मी म्हटलं तसंच झालं. वरच्या खाणीचे दमले नाहीत. आमचे सगळे मागे उभे, पुढे एकटा ग्रोव्हर. इकडून तिकडे, तिकडून इकडे, चेंडू जाईल तिथे हा. फेर्मिन बाकावर, खांद्यावर घोंगडी. पूर्ण नव्वद मिनिटं बाकावर! मी देवाचे आभार मानले.

पण गप्प बसेल तर तो फेर्मिन कसला. मध्यंतरानंतर सारखा रेषेवर जाऊन ओरडत होता, "ग्रोव्हर, थांब! उभा राहा! जाऊ दे चेंडू!" लोक हसायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "कप्तान म्हातारा झाला रे! पोरावर जळतो!"

मला लाज वाटली. म्हणून मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. "पळ, माझ्या राजा! पळ!"

त्याने माझा आवाज ओळखला. हात वर केला. पळाला.

गोल झाल्यावर गवतावर आडवा पडला तो बराच वेळ उठला नाही. आनंदाने, म्हटलं. मग खांद्यावर घेतलं त्याला. आज पोटभर जेवले.

१८ ऑगस्ट, सोमवार

गाठोडं सोडलं. हिरवा दोरा. बाही कोपरापर्यंत लाल.

फेर्मिन काल मैदानात उतरलाच नाही.

सदरा घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. विचारावं लागलं नाही. म्हणाला, "एवढं पळाल्यावर मध्यंतराला ग्रोव्हरचा ओला सदरा अंगावर थिजतो. माझा त्यातल्या त्यात कोरडा असतो, तो मी त्याला देतो. त्याचा मी घालतो. पहिल्या सामन्यापासून."

"आणि ट्रक?"

"ट्रक कधी नव्हताच, कासिल्दा. तीन वर्षं झाली. तो माझ्याच शिफ्टला, ड्रिलवर."

ग्रोव्हर आत झोपलाय. शिट्टी इथपर्यंत ऐकू येते.

पळ म्हणाले मी.