होडीला पाड्याचा हात

१२ मे १९९६, रविवार

भरला फॉर्म! माझ्या सासूने, येसूबाईने, खरंच भरला! शुक्रवारी पालघरला जाऊन आली आणि सांगते आज, तेही भाकरी थापता थापता. "वामन, मी निवडणुकीला उभी हाय." माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला.

आमच्या वॉर्डातली मेंबर बाई होळीच्या आधी वारली. जागा बायकांसाठी राखीव. म्हणून ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक, दोन जूनला. पाड्याने बैठक घेऊन केव्हाच ठरवलं होतं की जानू पाटलाची सून तानी उभी राहणार. पाड्याने ठरवलं म्हणजे ठरलं, नवापुरात पुढे कोण बोलतंय! पण बोईसरहून दुसऱ्या पक्षाची जीप आली. मोठी निवडणूक आत्ता संपली, तरी यांची खाज गेली नाही. त्यांना पाटलाच्या पक्षाविरुद्ध कुणीही बाई हवी होती, आणि आमची सासू तापलेलीच होती. पाटलाने आमची जवळा-मासळी वाळवायची जागा ट्रकवाल्यांना दिली ना, तेव्हापासून तिचं डोकं फिरलंय.

मला धडकी भरलीय. बोलू कुणाशी? या पाड्यात हिला सांगितलं की तिला कळतं, तिला कळलं की पाटलाला. म्हणून ही वही काढली. दहावी झाल्याचा एवढा तरी उपयोग.

१४ मे

जानू पाटील अंगणात आला. बसला नाही. चहा घेतला नाही.

म्हणाला, "येसू, फॉर्म काढून घे. पाऊस तोंडावर हाय. होड्या वर घ्यायच्या हायत. पाड्याचा हात पाड्याच्या मानसाला."

एवढंच बोलून गेला. यापेक्षा जास्त बोलायची गरजही नव्हती. जूनच्या उधाणाला सगळ्या होड्या वाळूवर ओढायच्या, घरटी एक माणूस दोराला लागतो, तेव्हा कुठे एक होडी हलते. चार माणसांचं ते काम नाही. पाड्याने हात काढला की होडी पाण्यात. दोन वर्षांपूर्वी रामाचं तेच झालं. बैठकीत पाटलाला उलटं बोलला होता. पहिल्याच वादळात होडीची फळीन् फळी वेगळी झाली. आता कुंभवलीच्या कारखान्यात रसायनाची पिंपं उचलतो बिचारा, हाताची कातडी गेलीय.

आमचं सगळं त्या एका होडीवर. सासूला म्हटलं, "आये, ऐका ना."

"नाय काढायची," म्हणाली. वर हसली!

१६ मे

आज फॉर्म काढायचा शेवटचा दिवस. यांनी सकाळपासून आईच्या हातापाया पडून घेतलं. ती सुपात सुकट पाखडत बसली. एकदाही मान वर नाही. दुपार टळली. संपलं. चिन्हंही वाटली, तानीला छत्री, हिला कपबशी.

आता जे होईल ते होईल असं लोक म्हणतात. कसं म्हणतात कोण जाणे.

२० मे

विहिरीवर गेले तर बायका गप्प झाल्या. माझा हंडा भरेपर्यंत एकजणही बोलली नाही. शेजारची हिरा, जिच्या बाळंतपणात मी महिनाभर उठबस केली, तिने माझी चाळण परत आणून उंबऱ्यावर ठेवली. हातात नाही दिली, उंबऱ्यावर! भवानी! आणि जाताना डोळ्यांत पाणी. मग आत येऊन रड की! पण तिचा सासरा पाटलाचा चुलतभाऊ, काय करणार ती तरी.

संध्याकाळी आणखी एक. होडीच्या नांगराचा दोर अर्धा तुटलेला. हे म्हणतात घासला असेल. मी हात लावून बघितला. घासलेला दोर पिंजारतो. हा सरळ होता, सुरीने कापल्यासारखा. मी यांना म्हटलं तर ओरडले, "गप बस! घासलाय म्हनतो ना!" ते माझ्याहून जास्त घाबरलेत. एक माणूस तरी घरात न घाबरलेला हवा होता. आहे म्हणा, पण त्याच माणसाने ही वेळ आणली.

२१ मे

रात्रभर झोप नाही. सासू घोरत होती.

२३ मे

यांनी शपथ घेतली.

पाड्याने देवळात बोलावलं होतं. बायकांना मागे उभं राहायची मुभा, म्हणून मी बघितलं सगळं. पाटील म्हणाला, "वामन, तू आमचा हायस का तिचा?" हे म्हणाले, "मी पाड्याचाच." मग देवीच्या पायरीवर नारळ ठेवला. यांनी त्यावर हात ठेवला आणि बोलले, "माज्या घरातलं एक पन मत कपबशीला जानार नाय. गेलं तर दर्याने मला ठेवून घ्यावं."

कुणीतरी मागून विचारलं, "आयेचं मत?"

"तिचं पन," हे म्हणाले.

होडीचं नाव घ्यायचं, पैशाचं नाव घ्यायचं, स्वतःचा जीव कशाला घातला मध्ये! पण बोलून गेले. देवीपुढचं बोलणं परत घेता येत नाही. आमच्याकडे कोर्टातली शपथ लोक चहाच्या कपावर मोडतील, ही मोडणारा माणूस मी बघितला नाही.

पाटील खूश. म्हणाला, होडीला हात मिळेल.

घरी आल्यावर यांनी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, चेहऱ्यावर रेघ नाही. मग म्हणाली, "शपथ तुजी. मत माजं."

बाई आहे का दगड? पोटचा पोर आहे हो तुमचा!

२६ मे

जीप आली. त्यांचा एक कार्यकर्ता आहे चंद्रभान, नगरकडचा, बोईसरला नोकरीला असतो. तोंडाला फेस येईस्तो बोलतो. "मावशी, काय बी काळजी करू नका, सीट लागली म्हणून समजा!" त्याचं काय जातंय! निवडणूक झाली की तो बोईसरला, आम्ही याच वाळूवर.

सासू मात्र नवं लुगडं नेसून घरोघर फिरली. मी मागे मागे, पदर तोंडावर घेऊन. यांनी सांगितलं होतं जाऊ नको, पण म्हातारीला एकटी कशी सोडायची? कुणी दगड मारला तर? दारं समोरून बंद होत होती. पण मागच्या पडवीतून बायका कुजबुजत, "येसूबाय, मत तुलाच गो. फक्त बोलू नको कुनाला." हिराने सुद्धा म्हटलं. सासूने बोटं मोजायला सुरुवात केली. मला तर वाटलं, जेवढी बोटं जास्त तेवढं संकट मोठं. निवडून आली तर? पाटील हरला तर आमची होडी तो कशाला वर घेऊ देईल! हरली तर निदान राग उतरेल.

म्हणजे मी सासू हरावी म्हणून देवीला गाऱ्हाणं घालतेय. घातलंच. खोटं का लिहू.

२९ मे

वारं फिरलंय. दर्याचा रंग बदलला. होड्या तीन तारखेला ओढणार म्हणे, मोजणीच्याच दिवशी.

१ जून, वटपौर्णिमा

उपास. वडाला दोरा गुंडाळला. दरवर्षी मागते ते तोंडपाठ असतं, आज शब्द सुचेनात. एवढंच म्हटलं, यांना ठेव. तानी शेजारीच होती, पाटलाची सून. इतके दिवस मला वाटायचं मिरवत असेल. तर हळूच म्हणते, "मला कुठं उभं रायचं होतं गो जमने. सासऱ्याने अंगठा घेतला नि मोकळा झाला." तिला सही येते, हेही त्याला ठाऊक नाही! एका बाईला उभी राहिली म्हणून भीती, दुसरीला उभी केली म्हणून. छान चाललंय आमचं राज्य.

संध्याकाळी सासूने स्वतः मला खीर वाढली. "उद्या मत द्यायला जायचंय, पोटात काय तरी पायजे," म्हणाली. कुणाला दे, ते नाही बोलली. आजवर एकदाही बोलली नाही.

२ जून, रविवार

हे पान कोणी वाचलं तर माझं काही खरं नाही. तरी लिहिते. कुठे तरी ठेवायलाच हवं.

सकाळी तिघे गेलो शाळेत. रांगेत पाड्याची माणसं मुद्दाम आमच्या मागे-पुढे. हे मला कानात म्हणाले, "छत्री. लक्षात हाय ना?" मी मान हलवली. मनापासून हलवली. माझ्या कुंकवाचा प्रश्न!

कागद मिळाला, शिक्का मिळाला. गोणपाटाच्या आडोशामागे गेले. वर छत्री, खाली कपबशी. आणि एकदम लक्षात आलं, इथे कुणी नाही. इतके दिवस विहिरीवर, दुकानात, देवळात, माझ्याच घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. इथे कुणीच बघत नव्हतं. मला हिराची उंबऱ्यावरची चाळण आठवली, कापलेला दोर आठवला, आणि असला संताप आला! जन्मात आला नव्हता तेवढा. आणि ती म्हातारी, नव्या लुगड्यात, बंद दारांपुढे उभी. हात थाडथाड उडत होता. मारला शिक्का. कपबशीवर.

बाहेर आले. हे दारातच. "मारला ना?" मी म्हटलं, "मारला." खोटं नव्हतं.

काय करून बसले मी! आये भवानी, काय करायचं ते मला कर. यांना हात लावू नको. शपथ त्यांनी घेतली, त्यांनी पाळली. चूक माझी. मला ने.

३ जून

आज वाचलो! श्वास घेऊन सगळं लिहिते.

मोजणी सकाळी पालघरला. अकराच्या सुमाराला पाटलाचा माणूस मोटारसायकलवरून ओरडत आला, छत्री आली! आणि कपबशीला एक मत! एक! पाड्यात असा हशा उसळला की कावळे उडाले. चंद्रभान आणि त्याची जीप फिरकलीच नाही. त्या मागच्या पडवीतल्या सगळ्या बायका, हिरा धरून, कुणीच नाही दिलं. मला त्यांचा राग येत नाही. मला ठाऊक आहे रांगेत काय वाटतं ते.

दुपारच्या भरतीला होड्या ओढायला सुरुवात झाली. आमची सगळ्यात शेवटी. हे दोर हातात घेऊन कमरेएवढ्या पाण्यात एकटे उभे. सगळे वाळूवर. कुणी हलेना. मी पदर तोंडात कोंबला होता. पाटील माझ्या सासूकडे बघून मोठ्याने म्हणाला, "काय येसू, स्वताचं मत तरी स्वताला दिलंस!" परत हशा. मग म्हणाला, "जाऊ द्या रे, म्हातारीचा तेवडा हट्ट. लावा हात!"

आणि लागले हात! सगळ्या पाड्याचे! रामा पण धावला, पिंपं उचलणारा, फाटक्या हातांचा. होडी ओंडक्यांवरून सरसर वर आली. हे वाळूत बसून पोरासारखे रडले. सासू एका बाजूला उभी होती, पाटलाला एक शब्द उलटा बोलली नाही. हरल्याचं लागलं असणार.

घरी येऊन चूल पेटवताना डोक्यात आलं, एक कसं? दोन हवी होती. तिचं एक, माझं एक. मग उलगडलं. माझं बाद झालं असणार! हात एवढा उडत होता, शिक्का दोन चित्रांच्या मध्ये रेघेवर पडला असणार. देवीनेच हात हलवला! म्हणजे शपथ मी मोडलीच नाही. मोडली ती सासूने. आता जे व्हायचं ते तिच्या माथी. असं लिहिणं वाईट आहे, पण लिहिल्यावर हलकं वाटलं. आज तरी झोप लागेल.

४ जून

नाही लागणार झोप. आता कधी लागेल कुणास ठाऊक.

हे होडी माडाच्या झापांनी शाकारायला गेले होते. सासू माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली. तोंड पांढरं फटक. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला ती घाबरलेली दिसली. माझा हात घट्ट धरून हळू आवाजात म्हणाली, "जमना, मी छत्रीवर मारला गो. पोराचा जीव होता मधी, माज्याने नाय झालं. मग ते एक कुनाचं?"

मी म्हटलं, "माझं."

तिने माझा हात सोडला. मग उठली, दाराला आतून कडी घातली आणि रडायला लागली.