मला जनावरांची फार हौस

११ मे
मेलो! काल पंच्याहत्तरी झाली आणि लगेच मरणाचं तिकीट हातात.

केक कापल्यावर मुलाने, परीक्षितने, सगळ्यांसमोर पाकीट दिलं. आत सिंहाचा फोटो. "आप्पा, जूनमध्ये आपण चौघं आफ्रिकेला. झांबिया. वॉकिंग सफारी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग सुनेला हळूच विचारलं, वॉकिंग म्हणजे? आसावरी म्हणाली, "चालत, आप्पा. जीप नाही. गाईडच्या मागे, जंगलातून."

चालत! सिंहसुद्धा चालतच येतो!

१२ मे
झोप नाही. हे कसं झालं ते आता कळलं.

इथे अमेरिकेत, ट्रॉयला आल्यापासून दिवसभर घरात मी एकटा. मुलगा-सून ऑफिसला, नात शाळेला. सिया पंधरा वर्षांची, पण गुणी. जाताना माझ्यासाठी टीव्ही लावून देते. त्यावर जनावरं. सकाळी हरणं, दुपारी तरस, चहाला मगर. मला बातम्या हव्या असतात! पण मला तो रिमोट जमत नाही. कुठलंही बटण दाबा, सिंह जागचा हलत नाही. विचारायचं कुणाला? आधीच सातवी शिकलेला सासरा, त्यात टीव्हीही बदलता येत नाही – सुनेसमोर शोभा नको. म्हणून गप्प बघत बसतो.

आणि सियाने बापाला सांगितलं म्हणे, "आजोबा लायन्स बघताना ब्लिंकही करत नाहीत!" झालं. आप्पांना जनावरांची फार हौस!

१७ मे
नाही म्हणावं तर परीक्षितचं तोंड एवढंसं होईल. इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगून बसलाय. माणसं येऊन हात मिळवतात. "काका, मानलं तुम्हाला!"

रक्तदाबावर भरवसा होता. आज तपासायला नेलं. डॉक्टर दीपा आपल्यातलीच, नागपूरची. मी आशेने म्हटलं, छातीत जरा धडधडतं हो. ती म्हणाली, "एक्साइटमेंट आहे काका! हार्ट एकदम मस्त. जोरात चालवा यांना."

आयुष्यभर तब्येतीने साथ दिली. आज दगा दिला.

२१ मे
गाईडशी व्हिडिओवर बोलणं झालं. मुलेंगा नाव. हसरा माणूस – हेच मला आवडलं नाही. सियाने मराठीत सांगितलं. सगळ्यांनी एका रांगेत चालायचं. बोलायचं नाही. त्याने हात वर केला की थांबायचं. आणि काहीही झालं तरी पळायचं नाही.

मी म्हटलं, विचार, सिंह समोर आला तर?
"उभं राहायचं."
मग?
"मग सिंह निघून जातो."
आणि नाही गेला तर?
मुलेंगा खूप वेळ हसला. पुढे एक बंदूकवाला असतो म्हणे. बंदूक एक, आम्ही चार. मी विचारायला सांगितलं, शेवटची कधी उडवली होती? सियाने विचारलंच नाही. "आजोबा, दॅट्स रूड."

२४ मे
पांढरा सदरा-लेंगा चालणार नाही. लांबून दिसतो. बाम चोळायचा नाही, वास जातो. जेवणानंतर मोठ्याने ढेकर नाही. आसावरी म्हणाली, "आप्पा, आतापासून सवय करा." म्हणजे मरेपर्यंत गप्प बसायचं आणि मग मरायचं.

परीक्षित हल्ली जेवत नाही नीट. कामाचा ताण असेल.

३० मे
आज तळ्याकाठच्या पार्कात सराव. एका रांगेत – परीक्षित, आसावरी, मी, मागे सिया. सगळे गप्प. कुत्रे फिरवणारी माणसं आमच्याकडे बघून बाजूला होत होती.

वळणावर त्या काळ्या मानेच्या मोठ्या बदकांपैकी एक, पिल्लांना घेऊन. आम्हाला बघून मान लांब केली, फिस्स करून अंगावर! परीक्षित पळाला. त्याच्यामागे आसावरी. सिया ओरडतेय, "डॅड, डोन्ट रन!" – तो पार गाडीत! आतून दारं लॉक!

मी उभा. शूरपणा कसला, गुडघा धरला होता. पण मुलेंगाचं आठवलं आणि खरंच हललो नाही. बदकाने माझ्याकडे बघितलं. मी बदकाकडे. मग ते निघून गेलं! त्या हसऱ्याचं खरं होतं.

सिया म्हणाली, "आजोबा, यू आर अ लेजंड!" घरी येईपर्यंत छाती खाली येईना.

३१ मे
परीक्षित फिरायला बाहेर पडला तेव्हा आसावरीने सांगितलं. "आप्पा, त्यांना मांजरसुद्धा सहन होत नाही हो. सियाने किती वर्षं सफारीचा हट्ट धरला, साफ नाही म्हणाले. पण तुमची हौस म्हटल्यावर एका दिवसात बुक केलं. आता रात्री दचकून उठतात."

म्हणजे तो माझ्यासाठी घाबरतोय आणि मी त्याच्यासाठी! बाप-लेक दोघेही खुळे. तो आल्यावर म्हटलं, उद्या सकाळी तुला एक सांगायचंय. रिमोटचं सगळं सांगून टाकणार. हसू देत.

१ जून
लवकर खाली आलो. सिया टीव्हीसमोर. दप्तरातून दोन सेल काढले, रिमोटमध्ये घातले. बातम्या होत्या, त्या बदलून सिंह लावले. सेल काढून परत दप्तरात टाकायला वळली – तर मागे मी.

"आजोबा... प्लीज, डॅडला नको ना सांगू."

तेवढ्यात परीक्षित कॉफी घेऊन आला. "आप्पा, काय सांगायचं होतं?" चेहरा नुसता आशेने भरलेला. सियाची मूठ घट्ट.

म्हटलं, "एवढंच, की मला खाकी सदरा कधी आणतोस? अरे, लहानपणापासूनची हौस आहे माझी!"

सेल आता माझ्या खिशात. दुपारपर्यंत बातम्या बघितल्या. नुसती भांडणं! चहाला परत सिंह लावले.