दोन कॉम्प्युटरचं लायसन्स

सुबोध,

लग्नपत्रिकांचं सॉफ्टवेअर तुमच्या दोघांच्या लॅपटॉपवर उघडणार नाही. मी बंद करून घेतलंय. लायसन्स आईच्या नावावर, दोनच कॉम्प्युटरचं. ती इस्पितळात असताना तू तिचा कॉम्प्युटर काढून तुझ्या बायकोचा, सीमाचा लॅपटॉप जोडलास. घरी आल्यावर ती अर्धी राहिलेली पत्रिका पुरी करायला बसली, तर परवानगी नाही असं आलं. "राहू दे, पोराला काम असेल," म्हणाली. जाईपर्यंत परत बसलीच नाही.

आता एक जागा तिच्या कॉम्प्युटरला, दुसरी माझ्या. मला टायपिंग येत नाही, तरी अडवून ठेवणार. उद्या तुमची ऑर्डर आहे, ठाऊक आहे. म्हणूनच आज केलं.

मी शीवला आत्याकडे जातोय. आमटी गरम करून घ्या. तिच्या कॉम्प्युटरला हात लावू नका.

बाबा