पंख्याखालची जागा

सिडको, छत्रपती संभाजीनगर
६ मार्च २०२५

ती. सुगंधाअक्कास,
सूर्यभानचा दंडवत. तुझे गुडघे, तुझ्या शेळ्या आणि तुझ्या मल्हारीची शेंद्र्याच्या कारखान्यातली ड्युटी आपापल्या जागी ठीक असतील, असं धरून चालतो.

माझ्या जागेचं मात्र ठीक नाही. अक्का, तुझ्या भावावर घोर अन्याय झालाय. डॉक्टरांनी मला श्वासाच्या वर्गाला घातलंय. पन्नाशी उलटलेला माणूस रोज सकाळी सतरंजीवर बसून श्वास घ्यायला शिकतो! त्या हॉलमध्ये एकच पंखा, तोही खडखडणारा. त्याच्याखालची जागा माझी. सोमवारी कडूबा नावाच्या निवृत्त तलाठ्यानं ती बळकावली. वर मलाच विचारतो, "सातबारा हाय का तुमच्या नावावर?" पेपरातल्या विनोदी सदरात अख्ख्या शहराची टोपी उडवणारा मी, सतरंजीभर जागेसाठी हरलो.

औरंगपुऱ्यात भाजी घेताना मला दम लागला, मी खाली बसलो, हे मल्हारीनं सांगितलंच असेल. डॉक्टर म्हणाले, "छाती शाबूत आहे. घाबरतंय ते डोकं." वर्ग घेणाऱ्या मनकर्णाबाई सांगतात, सुटणारा श्वास लांबवला की मेंदूला निरोप जातो: लांडगा गेला, आता बसा.

पण डोळे मिटून स्वतःचा श्वास ऐका म्हटलं की मी खोकतो, नाहीतर विनोद करतो. बाई म्हणाल्या, "सूर्यभानभाऊ, सोडा की श्वास. भाड्याच्या खोलीवानी धरून बसलात."

"जुना भाडेकरू आहे बाई, एकदम निघत नाही."

सगळे हसले. मीही.

फोनवर बोललो नाही ते इथं लिहितो. मला पंख्याची हवा नको होती, खडखड हवी होती. तिच्यात श्वास ऐकू येत नाही.

दवाखान्यात तुझ्या भावजयीच्या उशाशी बसून मी बानाचा श्वासच ऐकत होतो. एक सुटला, अन् मी पुढच्याची वाट बघत राहिलो. नर्सनं खांद्यावर हात ठेवला, तरी वाटच बघत होतो. तेव्हापासून घरात टीव्ही, नळ, मिक्सर, काहीतरी चालूच ठेवतो. तू "ये रे इकडं" म्हणतेस अन् मी काम सांगतो. काम काही नसतं. तुझ्या अंगणात सांजेला लई शांत असतं, एवढंच.

काल कोपऱ्यात बसावं लागलं. डोळे मिटले. ऐकू यायला लागलं तसे हातपाय गार पडले. तेवढ्यात तुझी फुंकणी आठवली. ओली लाकडं, फू फू करून लाल झालेला मी, अन् तू: "आरं येड्या, चूल इझवायची नाय, पेटवायचीय. दमानं सोड."

दमानं सोडला. संपला. पुढं काहीच नव्हतं, अक्का. उठून पळणारच होतो. मग पुढचा आला. आपला आपण आला.

नंतर कडूबा म्हणाला, "बसा भाऊ, जागा तुमची." म्हटलं, राहू द्या, तुम्हाला उकडतं.

बानाच्या तेराव्यानंतर तू चटणी भरून दिलेला डबा अजून इथंच आहे. डबा रिकामा परत करत नाहीत, अन् भरणारी राहिली नव्हती. आज मीच जवसाची चटणी केली, खलबत्त्यात. थोडी करपलीय. रविवारी डबा घेऊन येतो.

मुक्कामी राहीन. सांजेला टीव्ही लावू नकोस.

तुझा,
सूर्यभान