चौथीच्या वर्गातला गोंगाट

कास्तेलव्हेंतो,
सोमवार, २६ मे २०२५

प्रिय तेन्सिना,

तुझा गुडघा आता बरा असेल असं धरून चालते. मी ठीक आहे. टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावून झाल्या, रक्तदाब जिथे असायला हवा त्याच्या थोडा वर आहे, आणि दोन रविवार तू जेवायला आली नाहीस म्हणून तुझ्या वाटणीच्या, हाताने वळलेल्या पास्त्याच्या कावातेल्ली मीच सोमवारी गरम करून खाल्ल्या. तुझ्याविना त्यांना चव येते असा समज करून घेऊ नकोस.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. त्या रविवारी मी मिरियानाचं नाव काढलं आणि तू काटा ताटात ठेवलास. "एर्सी, घरात मी तुझी बहीण आहे, मुख्याध्यापिका नाही. शाळेबद्दल काही म्हणायचं असेल तर लेखी दे." मी चिडले, तूही चिडलीस, आणि चीज तसंच राहिलं.

तर लेखी देते आहे.

मिरियाना कोलाव्हीता. चौथीची शिक्षिका. तिचं हे उमेदवारीचं दुसरं वर्ष. पहिल्यात नापास झालं तर आणखी एक संधी मिळते, दुसऱ्यात नापास झालं तर नोकरी कायमची गेली, हे मी तुला शिकवायला नको. १९ जूनला समिती बसेल, तू अध्यक्ष असशील, आणि तुझ्यासमोर तिच्या मार्गदर्शक शिक्षिकेचा, म्हणजे आपल्या लोरेदानाचा अहवाल असेल. तुझ्या हाताखाली पाच गावांच्या शाळा. चौथीच्या त्या वर्गात तू या वर्षी एकदाही पाऊल टाकलेलं नाहीस. तुला तो वर्ग दिसणार आहे तो त्या अडीच पानांतूनच.

ती अडीच पानं मी वाचली आहेत. मिरियानाच घेऊन आली होती. मी मंगळवारी आणि गुरुवारी शाळेच्या वाचनालयात पुस्तकं लावायला जाते, मग मागच्या बाकावर बसून त्या वर्गातल्या कच्च्या मुलांचं वाचन घेते. कागद तिने माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "बाई, तुम्हाला अनुभव आहे. याला उत्तर कसं लिहायचं सांगाल?"

तेन्सिना, काय तो अहवाल! निम्मा म्हणजे चौकोनांत फुल्या. "वर्गात शांतता राखली जाते: नेहमी, अधूनमधून, कधीच नाही." फुली कुठे, ते ओळख. "विद्यार्थी परवानगीशिवाय जागेवरून उठतात." फुली. मूल प्रश्न विचारतं का, चुकलं तर का चुकलं हे कुणी शोधतं का, यासाठी चौकोनच नाही. आणि दुसऱ्या पानावर ते वाक्य, तुझ्या डोळ्यांतही तेच भरणार: "या वर्गात अध्यापन चालू आहे की आठवड्याचा बाजार भरला आहे, हे दाराबाहेरून कळत नाही."

दाराबाहेरून! इथेच माझा संताप होतो. लोरेदानाने वर्गात बसून पाहायचे जे तास ठरले होते, त्यातले निम्मे तिने व्हरांड्यात काढले. आत डोकावायचं, कान द्यायचा, मग कॉफीच्या यंत्रापाशी उभं राहून वहीत तास भरायचे आणि एकमेकींनी सह्या करायच्या. आपल्याकडे हे असंच चालतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मीही नोकरीत असताना अशा सह्या केल्या आहेत. कॉफी संपायच्या आत तीन तास भरलेले असायचे.

वाक्य मात्र चांगलं आहे. वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं. हेच त्याचं वाईट.

आता वर्गाबद्दल. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा मलाही धक्का बसला होता. तू आणि मी सिस्टर क्रोचिफिसांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांच्या हातात ती लाकडी टिकटिकी असायची: एकदा वाजली की उभं राहायचं, दोनदा वाजली की बसायचं, तिसऱ्यांदा कुणावर वाजायची ते आठवून आजही माझी पाठ ताठ होते. मी शिक्षिका झाले आणि टिकटिकीच्या जागी किल्ल्यांचा जुडगा घेतला. अडतीस वर्षं. माझ्या वर्गात माशी घोंघावली तरी ऐकू यायची, आणि पालक हे कौतुकाने सांगायचे.

आणि ही मुलगी काय करते? आवाज फार वाढला की ती टेबल सोडून मागे येते, एका रिकाम्या छोट्या खुर्चीवर बसते आणि हात वर करते. स्वतः, शिक्षिका! कुणीतरी पोरगं म्हणेपर्यंत थांबते, "बाईंना बोलू द्या रे, त्यांचा हात कधीचा वर आहे." मला वाटलं, झालं, शाळा बुडाली.

मग एप्रिलात ती दोन दिवस तापाने पडली. बदली शिक्षिका मिळेना, आणि लोरेदानाने मला बसवलं. (हे नियमात नाही, माहीत आहे. मुख्याध्यापिकेला कळवलं म्हणून लिहून ठेव.) मी किल्ल्या काढल्या. दोन दिवस काय शांतता होती! तिसरी-पाचवीच्या बाया दारातून बघून गेल्या. लोरेदाना म्हणाली, "एर्सिलियाबाई, याला म्हणतात वर्ग."

मी फळ्यावर लिहिलं: एक चतुर्थांश आणि एक अष्टमांश, मोठा कोणता? सोळा मुलं. सोळा सुबक वह्या. घरी नेऊन तपासल्या. अकरा जणांनी लिहिलं होतं, एक अष्टमांश मोठा. अक्षर सुंदर, समास सरळ, उत्तर चूक. दुसऱ्या दिवशी मी सामुएलेला विचारलं, "कळलं नव्हतं तर विचारलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तुम्ही गप्प म्हणाला होतात ना, बाई."

मिरियाना परत आली. मी वह्या तिच्यापुढे ठेवल्या, जरा तोऱ्यातच, की बघ, तुझ्या पोरांना काय येतं ते. ती रागावली नाही. तिने ते चुकीचं उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि विचारलं, "हे कुणाकुणाला पटतं?" अकरा हात. "आणि कुणाला नाही? बोला, समजवा यांना." आणि ती बाजूला झाली.

मग जो काय गलका उठला! सामुएले बाकावर हात आपटत होता, "आठ मोठे की चार, एवढं सांग! एवढंच सांग!" नोएमी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ती मेंढपाळ कुटुंबातली, घरात आजी-आजोबा, काका, सगळे एकत्र. "आमच्याकडे जेवायला आठ जण असतात, मला विचार! एक चीज कापतात ना, माझ्या वाटणीला येतं ते तुझ्या मांजरालाही पुरणार नाही. तुमच्या घरी तुम्ही चौघं. म्हणून तू असा गुबगुबीत!" वर्ग हसून लोळला. सामुएले लाल झाला. मग हळूच म्हणाला, "थांबा. थांबा जरा. म्हणजे खाणारे वाढले की तुकडा... बाई, आठ म्हणजे खाणारे आहेत का?"

"तूच सांग," मिरियाना म्हणाली. "मागे एर्सिलियाबाई बसल्यात, त्यांना समजाव."

आणि तो आला, तेन्सिना. माझ्या वहीत गोल काढून, मी गणितात कच्ची असल्यासारखं, दोनदा समजावून सांगितलं. "आलं का लक्षात?" असंही विचारलं. मी हो म्हणाले. आठवड्याने तिने तोच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी घातला. सोळापैकी पंधरांना आला. सोळाव्याचं काय अडलं हे तिच्या वहीत लिहिलेलं आहे. प्रत्येक मुलाच्या नावाचं पान आहे त्यात: कुठे चुकतो, काय समजून चुकतो. अशी वही मी अडतीस वर्षांत एकदाही ठेवली नाही. माझ्या त्या शांत वर्गांत किती अकरा-अकरा मुलं सुंदर अक्षरात चुकीचं लिहून वरच्या इयत्तेत गेली असतील, हे मोजायला आता कुठली वही आहे?

इथपर्यंत लिहून मी उठले आणि रोपांना पाणी घालून आले. ते सकाळीच घातलं होतं.

ते वाक्य माझं आहे.

फेब्रुवारीत, मी त्या वर्गात नुकतीच जायला लागले होते तेव्हा, कॉफीच्या यंत्रापाशी लोरेदानाने विचारलं, "तुम्ही बसता ना आत? कसं काय?" मला चार माणसांत वाक्य टाकायची खोड. तुलाही त्याचे ओरखडे आहेत. मी म्हणाले, "अगं, अध्यापन चालू आहे की आठवड्याचा बाजार भरलाय, दाराबाहेरून कळत नाही." सगळ्या हसल्या. मला बरं वाटलं. लोरेदानाने ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं, आणि त्या रविवारी तुझ्यासमोर मी नुसतं मिरियानाचं नाव काढलं, हे सांगायला तोंड उघडेपर्यंत तू काटा ठेवलास. नाही, ते खरं नाही. तू काटा ठेवलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

मिरियानाला मी गेल्या गुरुवारी सांगितलं. उत्तर लिहायला ती माझ्याच घरी, माझ्याच टेबलाशी बसली होती. तिने कॉफीचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला शंका होतीच. लोरेदानाबाईंना एवढं चांगलं वाक्य सुचत नाही." आणि हसली. त्यानंतर थोडी रडलीही. मी तिला रुमाल दिला, उपदेश दिला नाही. हे माझ्या नावावर जमा धर.

आता मागणं. क्षमा मागण्यासाठी हे पत्र नाही, ती मी जिची मागायची तिची मागितली आहे. शाळा संपायला फार दिवस उरले नाहीत. तिचा गणिताचा तास बुधवारी साडेनऊला असतो. ये. कुणाला कळवू नकोस, दारात उभी राहू नकोस, आत जा, मागच्या बाकावर बस. गुडघ्याला त्रास होईल, उशी मी आणते. पूर्ण तास बस. तुला जर तो बाजारच वाटला, तर तसं लिही, पण तुझ्या शब्दांत लिही आणि सही तुझी कर. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. (बरं, उघडेन. पण शाळेत नाही.)

आणि हे पत्र अहवालाला जोड. समितीला माझं नाव कळू दे. १९ तारखेला मी बाहेर बाकावर बसलेली असेन, विचारायचं असेल तर विचारा.

काल ती पुन्हा आली होती. पाचवीच्या अपूर्णांकांच्या गुणाकाराची सुरुवात कशाने करू, विचारत होती. सप्टेंबरात आपण असू की नाही हे तिला ठाऊक नाही, आणि मुलगी सप्टेंबरचा पहिला तास आखते आहे. आम्ही दोन तास भांडलो. खिडकी उघडी होती, शेजारी बाहेर येऊन बघून गेले. इतकं मी आयुष्यात कधी शिकवण्याबद्दल बोललेच नव्हते.

बुधवारी तुझी वाट पाहते. जेवायलाही थांब.

दुसऱ्या पानावरच्या त्या वाक्याची मालकीण, आणि ते मागे घेणारी,

एर्सिलिया मास्त्रांजेलो
निवृत्त शिक्षिका, अडतीस वर्षं
(आणि तुझी एर्सी)